लाईन बदलून परदेशी जायचंय: दुबई की जर्मनी?

ठाण्यात माझ्या ओळखीतली तिशी-पस्तिशीची चार-पाच माणसं सध्या एकाच प्रश्नावर अडली आहेत. आहे ती नोकरी सोडून बाहेर जायचं, पण कुठे? दुबई आणि जर्मनी ही दोन नावं सारखी येतात. मी २०१७ ते २०२३ अशी सहा वर्षं दुबईत काढली. माझा धाकटा भाऊ ऐरोलीतल्या एका बँकेचं बॅक ऑफिस सोडून आता श्टुटगार्टजवळ नर्सिंगचं प्रशिक्षण घेतोय. दोन्ही गोष्टी आमच्या घरातच घडल्यात, म्हणून लिहितोय.

पगाराचे आकडे जरा बाजूला ठेवा. तुम्हाला काम बदलायचंय की तेच काम करून जास्त पैसे हवेत, हे आधी ठरवा. मी न्हावा शेवाला सीएचएच्या (कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात दहा वर्षं बीएल (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), शिपिंग बिल, कंटेनरची कागदपत्रं करत होतो. दुबईच्या जेबेल अली बंदरात जाऊन तेच केलं. सिस्टीम वेगळी, फॉर्म वेगळे, पण तिसऱ्या आठवड्यात हात बसला. दुबईला तुमचा तयार अनुभव हवा असतो. तिथे लाईन बदललेले लोकही मी पाहिलेत, पण ते पोचल्यावर दोन-तीन वर्षांनी, ओळखीपाळखीतून. इथे बसून, ज्या कामाचा अनुभवच नाही त्यासाठी अर्ज केला तर व्हिसा काढून देणारा मालक क्वचितच भेटतो.

भावाचं अगदी उलट. बी.कॉम. आणि नऊ वर्षांचं बॅक ऑफिस, यातलं तिथे काहीही उपयोगी पडलं नाही आणि त्यावाचून त्याचं अडलंही नाही. जर्मनीत आउसबिल्डुंग म्हणून जी पद्धत आहे तिच्यात शाळा आणि काम एकत्र चालतं. नर्सिंगचं आउसबिल्डुंग तीन वर्षांचं. वर्गात २,१०० तास आणि प्रत्यक्ष रुग्णांपाशी २,५०० तास. फी नाही, उलट पहिल्या महिन्यापासून पगार. बत्तिसाव्या वर्षी तो एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींबरोबर बाकावर बसला. हे ज्याला मनापासून जमेल त्यानेच जर्मनीचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाषा

दुबईत माझं इंग्रजी आणि हिंदीवर सगळं भागलं. अरबी मी आकड्यांपुरतीच शिकलो.

जर्मनीत भाषा म्हणजे निम्मी लढाई. प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी जर्मनची साधारण बी-१ (मध्यम) पातळी लागते आणि नर्सिंगच्या बऱ्याच शाळा त्याच्या पुढची बी-२ मागतात. भावाला नोकरी सांभाळून बी-१ला चौदा महिने लागले. आमच्या कळव्याच्या घरात तेव्हा सगळ्या वस्तूंवर रंगीत कागद चिकटवलेले होते. पुल्लिंगाला निळा, स्त्रीलिंगाला लाल, नपुंसकलिंगाला हिरवा. आपल्याकडे तीन लिंगं असल्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं, पण तिथेच गोची झाली. आपला दरवाजा ‘तो’, जर्मनमध्ये ‘ती’. आपली खिडकी ‘ती’, जर्मनमध्ये ‘ते’. आई भाजी काढायला गेली की फ्रिजवरचा निळा कागद वाचून मोठ्याने ‘डेर’ (पुल्लिंगी नामाआधी लावायचा शब्द) म्हणायची. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत तो कानाला धडे लावून उभा असायचा. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, परीक्षेच्या पहिल्या खेपेला त्याचं लेखन राहिलं. बी-१च्या परीक्षेचे चार भाग वेगवेगळे देता येतात, म्हणून फक्त लेखन पुन्हा दिलं. हे आधी माहीत असतं तर निकालाच्या दिवशी घरात इतकी शांतता पसरली नसती.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. २०२४ मध्ये राज्य सरकारने तिथल्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करारही केला. पण करार झाला म्हणून भाषेची पायरी कुणालाच चुकत नाही.

पैसा

मला दुबईत ६,००० दिरहम मिळायचे, त्यातलं बेसिक ३,०००. आयकर नाही. पहिली दोन वर्षं करामाला बेड स्पेस घेऊन राहिलो, एका खोलीत चौघं, महिना ८०० दिरहम. त्या दोन वर्षांतच खरी बचत झाली. घोडबंदरच्या फ्लॅटचं अर्धंअधिक कर्ज तेव्हाच फिटलं. नंतर बायको-मुलगी आली आणि घरभाडं, शाळेची फी यांत बचत आटली. स्वतःच्या पगारावर कुटुंब नेण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, असा नियम आहे. पण नियमात बसणं आणि खर्च निघणं यांत फार अंतर आहे.

करार हातात आला की बेसिकचा आकडा आधी बघा. ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मिळते. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. माझी सहा वर्षं म्हणजे १३५ दिवस, दिवसाला १०० दिरहम, एकूण १३,५००. रुपयांत तीन लाखांच्या आसपास. बेसिक ४,५०० असतं तर हीच रक्कम दीडपट झाली असती. सही करताना मी एकूण पगार पाहिला, त्याची फोड पाहिली नाही.

भावाला पहिल्या वर्षी साधारण १,४०० युरो ठरले. त्यातून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा कापून हातात हजार-अकराशे. खोलीचं भाडं गेलं की एकट्याचं नीट चालतं, बस. ही तीन वर्षं घरी पैसे पाठवायचा हिशेब धरूच नका. डोक्यावर हप्ता असेल आणि घरात दुसरी कमाई नसेल तर मी जर्मनी सुचवणार नाही.

जर्मनीची दुसरीही वाट आहे. जून २०२४ पासून ‘संधी कार्ड’ सुरू झालंय. पदवी किंवा किमान दोन वर्षांचं मान्य व्यावसायिक प्रशिक्षण हवं, शिवाय गुणांकनात किमान सहा गुण. मग वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास काम करता येतं. पस्तिशीच्या आत वयाचे गुण जास्त. पण वर्षभर पुरतील इतके पैसे आधी दाखवावे लागतात, आणि ही वाट आहे त्याच क्षेत्रात काम शोधणाऱ्याच्या जास्त सोयीची.

एजंटबद्दल कळकळीने सांगतो. मला ठाण्यातल्या एकाने ‘व्हिसा चार्ज’ म्हणून ६०,००० रुपये द्यायला लावले. अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, आणि आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी इतकंच घेता येतं, हे मला दुबईत पोचल्यावर कळलं. एजंटची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. आउसबिल्डुंगच्या जागा तर जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. भावाने तिथूनच अर्ज केले.

पुढचं आयुष्य

दुबईत व्हिसा नोकरीला बांधलेला. गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा, पण तो मोजक्यांना. आमच्या मजल्यावर सव्वीस वर्षं राहिलेले एक काका निवृत्त होऊन डोंबिवलीला परतले. त्यांची मुलं तिथेच जन्मली, तरी नागरिकत्वाचा विषयच नव्हता. जर्मनीत आउसबिल्डुंग पुरं करून दोन वर्षं त्या कामात काढली की कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पाच वर्षांनी नागरिकत्वही मागता येतं, पण मग भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.

आई-वडिलांचा प्रश्न मात्र याच्याही वरचा. बाबांना अ‍ॅडमिट केलं तेव्हा रात्री फोन आला आणि सकाळी मी कळव्याला होतो. दुबई तीन तासांवर. गेल्या वर्षी त्यांना परत त्रास झाला. भावाला वॉर्डची ड्यूटी बदलून, विमान बदलून यायला दीड दिवस लागला. तो आला तोवर बाबा घरी आले होते. त्याने त्यांना कुशीवर वळवून खालची चादर अशी बदलली की त्यांना उठावंही लागलं नाही. आई दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘हे शिकायला गेलास होय.’