ठाण्यातल्या पाचपाखाडीतली ड्रायव्हरसकट भाड्याच्या गाडीची सर्व्हिस : सव्वा महिन्यात सहा वेळा घेतली, त्याचा अनुभव

आम्ही ठाण्याचे, गाव चिपळूणजवळ. १८ नोव्हेंबरला रात्री सव्वादोनला चुलतभावाचा फोन आला, मोठे काका गेले. त्या दिवसापासून २५ डिसेंबरपर्यंत आमच्या घरात दोन मयती, दहावं, तेरावं, अस्थिविसर्जन, मामेबहिणीचं लग्न आणि सगळ्या चुलत-आते भावंडांचं गेट-टुगेदर, एवढं सगळं झालं. आमची स्वतःची गाडी नाही, त्यामुळे सहाही वेळा गाडी यांच्याकडूनच घेतली. एक-दोनदा गाडी घेऊन रिव्ह्यू लिहिणं वेगळं आणि अशा महिन्यात एखाद्या सर्व्हिसवर अवलंबून राहणं वेगळं, म्हणून सविस्तर लिहितेय.

त्या रात्री आधी अ‍ॅपवरच गाडी बघितली. तीन ड्रायव्हरनी कुठे जायचंय विचारून कॅन्सल केलं, एकाने तर फोनवरच सांगितलं की रिटर्न भाडं मिळणार नाही, नाही जमणार. आई सोफ्यावर बसलेली, ७४ वर्षांची, पिशवीत एक साडी भरून तयार. सकाळची एसटी धरावी तर पोचायला दुपार होणार, आणि तोपर्यंत थांबवून ठेवतील की नाही हेही माहीत नाही. मग वहिनीला आठवलं की तिच्या ऑफिसमधल्या एकीने या सर्व्हिसचा नंबर दिला होता. पावणेतीनला फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला. मी फक्त चिपळूण आणि मयत एवढंच बोलले असेन, समोरून दोनच प्रश्न आले, माणसं किती आणि पत्ता काय. अ‍ॅडव्हान्स नाही, रेट नाही, काही नाही. सव्वातीनला अर्टिगा गेटवर.

ड्रायव्हर पन्नाशीचे असतील, त्यांना मी इथे दादाच म्हणते. गाडीत बसताना बघितलं तर रेडिओ बंद, समोरचा तो रंगीत लाइटवाला देव असतो ना, तोही बंद करून ठेवलेला. कळवा, विटावा करत ऐरोलीला माझ्या भावाला घेतलं आणि पामबीचला न जाता सरळ ठाणे-बेलापूर रोडने पनवेल. वडखळपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही आणि त्यांनीही बोलायला लावलं नाही. वडखळला चहासाठी थांबवली तेव्हा आई उतरायला तयार नव्हती, तर ते स्वतः कागदी कपात चहा आणि पार्लेचा पुडा घेऊन आले आणि म्हणाले, "मावशी, पुढे दिवसभर कोणी तुम्हाला खायला विचारणार नाही, दोन बिस्किटं तरी घ्या." आईने घेतली. खरं सांगते, आमच्यापैकी कोणाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं आणि त्या दिवशी आईच्या पोटात संध्याकाळी पाचपर्यंत तेवढंच होतं, वर बीपीची गोळी.

माणगाव पहाटे मोकळं मिळालं हे नशीब, दिवसा तिथे काय होतं ते कोकणात जाणाऱ्याला सांगायला नको. कशेडीच्या बोगद्यामुळे घाट चढायचा वाचतो, आईला घाटात उलट्या होतात म्हणून हे महत्त्वाचं. आठ-वीसला वाडीत पोचलो, दहाला नेलं. दर्शन मिळालं. आई भावजींच्या पायाशी बसली, पाच मिनिटं का होईना. गाडी अर्धा-पाऊण तास उशिरा आली असती तरी मिळालं असतं म्हणा, पण एसटीने गेलो असतो तर नक्की नाही.

दादा परत निघाले नव्हते. रात्रभर गाडी चालवलेली, झोपले असतील असं मला वाटलं, तर भावाने नंतर सांगितलं की ते लाकडं उतरवायला हात लावत होते आणि मग नदीवर आंघोळ करून बाराला निघाले. जेवायला थांबा म्हटलं तर नाही म्हणाले, मयताच्या घरी चूल पेटत नाही हे त्यांनाही ठाऊक.

बिल सांगते, कारण रिव्ह्यूत लोकांना तेच हवं असतं. अर्टिगाला किलोमीटरला १५ रुपये, दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर धरतात, ड्रायव्हर भत्ता ४००, रात्रीचे ३००, टोल-पार्किंग वेगळं. गॅरेज टू गॅरेज मोजतात म्हणजे आपल्याला सोडून रिकामी परत आली तरी ते किलोमीटर आपलेच. पहिल्या दिवशी ४६० किलोमीटर झाले, ६,९०० अधिक भत्ता आणि रात्रीचे मिळून ७,६०० आणि टोल. मध्यरात्री अडला हरी बघून जास्त लावले नाहीत, दिवसा फोन करून विचारलं असतं तरी हाच रेट सांगितला असता, मी नंतर मुद्दाम वहिनीकडून दुसऱ्या नंबरवरून विचारून घेतलं.

दुसरी ट्रिप चार दिवसांनी, अस्थी घेऊन चिपळूणहून थेट नाशिक. ऑफिसला मी फोनवर तोच ड्रायव्हर मागितला आणि तोच दिला. काकांचा मुलगा कलश मांडीवर घेऊन बसणार होता, लाल कापडात बांधलेला. दादांनी मधल्या सीटवर धुतलेला पांढरा टॉवेल अंथरला होता, म्हणाले इथे ठेवा, आणि पट्टा त्याच्यावरून हळू ओढून क्लिक करून लावला, मग एकदा हाताने हलवून बघितलं. चुलतभाऊ चार दिवसांत रडला नव्हता, तो तिथे रडला.

आईला ठाण्यात उतरवायचं होतं. अस्थी घरात नेत नाहीत, आमच्याकडे तर कंपाउंडच्या आतही नाही, गावाला तीन दिवस फणसाच्या झाडाला टांगून ठेवल्या होत्या. हे मी गाडीत कोणाला बोलले नव्हते. एरवी दादा गाडी थेट लिफ्टपाशी लावतात कारण आईचे गुडघे, त्या दिवशी त्यांनी गेटच्या बाहेर रस्त्यावर लावली आणि आईचा हात धरून आतपर्यंत सोडून आले. पुढे भिवंडी करून आमण्याला समृद्धीवर चढलो. इगतपुरीपर्यंतचा हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला, कसारा घाट लागत नाही, जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. नाशिकला रामकुंडापाशी गाडी न्यायला जागा नसते, त्यांनी गौरी पटांगणाच्या बाजूने जितकं आत नेता येईल तितकं नेलं. विधी झाले, रात्री दहाला घरी. या ट्रिपला गॅरेजपासून धरून ७४० किलोमीटर, ११,१०० आणि दोन दिवसांचा भत्ता, कारण गाडी आदल्या रात्रीच गावाला येऊन थांबली होती.

दहावं-तेराव्याच्या वेळी दुसरा ड्रायव्हर होता, तरुण मुलगा, गाडी व्यवस्थित चालवली. दहाव्याला पिंडाला कावळा लवकर शिवेना, दीड तास गेला, मुलाने एकदाही घड्याळ दाखवलं नाही. एवढंच.

६ डिसेंबरला आईची मावशी गेली कळव्यात. डोंबिवलीहून दोन म्हाताऱ्या नातेवाइकांना आणायचं, कळवा, मग जवाहरबाग स्मशानभूमी, परत डोंबिवली. त्यांचं लोकल पॅकेज ८ तास ८० किलोमीटरचं आहे. साडेनऊ तास झाले, स्मशानात नंबर लागायला वेळ लागला म्हणून. बिल आठ तासांचंच आलं. मी फोन केला की वरचे दीड तास राहिले, तर ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, "ताई, तिथल्या वेटिंगचे आम्ही घेत नाही." मला माहीत नाही हा त्यांचा नियम आहे की त्यांनी त्या दिवशी ठरवलं, पण लिहून ठेवते.

१२ डिसेंबरला साताऱ्याला लग्न. आई जायला तयार नव्हती, काकूंनीच गावाहून फोन करून सांगितलं की तेरावं झालंय, भाचीच्या अंगावर अक्षता टाकायला तू जायचंस. दादाच होते. मी गाडीत बसले तर समोरचा देवाचा लाइट चालू आणि हळू आवाजात सनई लावलेली. खंबाटकीला आई पहिल्यांदा स्वतःहून बोलली, काकांच्या लग्नाच्या वरातीचं सांगत बसली ते साताऱ्यापर्यंत. बिलात या वेळी ड्रायव्हर भत्ता डबल लागला होता, जास्तीचे पैसे सांगितल्यावर दोन दिवसांनी परत आले. दोनदा आठवण करावी लागली. पैशाचं काम करणाऱ्याने हे एका फोनवर करायला हवं.

आता वाईट. २५ डिसेंबरला आम्ही भावंडं मुलाबाळांसकट सोळा जण केळव्याला गेलो, त्यासाठी १७ सीटर ट्रॅव्हलर. ही त्यांची स्वतःची गाडी नव्हती, बाहेरून आणून दिली, आणि हे आम्हाला आधी सांगितलं नाही. एसी वसईपर्यंतच चालला. मागच्या सीटची पाठ तुटलेली, तिथे माझी आत्या बसली होती, दिवसभर कंबर धरून. घोडबंदरला गायमुखच्या घाटात तासभर अडकलो त्याला कोणी जबाबदार नाही, पण त्या घाटात ड्रायव्हर एका हाताने फोनवर बोलत होता, आत लहान मुलं. भावाने दोनदा सांगितलं तेव्हा ठेवला. मी ऑफिसला तिथूनच फोन केला, सॉरी म्हणाले, हजार रुपये कमी केले. पैशाचा विषय नाहीये. ज्यांच्या भरवशावर मी मध्यरात्री आईला घेऊन निघाले त्यांनी सोळा माणसं अशा गाडीत बसवायला नको होती. केळवा मात्र छान झालं, सुरूच्या बागेत डबे उघडले, काकांचा मुलगा मुलांबरोबर क्रिकेट खेळला, आत्या वाळूवर सतरंजीवर आडवी झाली तेव्हा तिच्या कंबरेला आराम पडला.

तर छोटी गाडी हवी असेल तर डोळे मिटून घ्या, रात्री-अपरात्री पण घ्या, पाच स्टार. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा आणि घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा, मी शोधाशोधीत अर्धा तास घालवला. ट्रॅव्हलर घ्यायची तर गाडी तुमची स्वतःची आहे का हे आधी विचारा, गाडी आणि टायरचे फोटो मागवा, एक स्टार, तोही हजार रुपये कमी केले म्हणून. पुढच्या महिन्यात काकूंना डोळ्याच्या ऑपरेशनला ठाण्याला आणायचंय, अर्टिगा सांगून ठेवली आहे, ड्रायव्हर दादाच पाहिजेत असं बुकिंगमध्ये लिहून घेतलंय.