निम्म्या किमतीची १२० कृष्णधवल फिल्म: गोव्याच्या हवेत कितपत टिकते?

मिडियम फॉरमॅट (नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठी निगेटिव्ह देणाऱ्या) कॅमेऱ्यासाठी लागणारी, कागदासह गुंडाळलेली १२० फिल्म गोव्यात दुकानातून सहज विकत घेण्याचे दिवस केव्हाच सरले. पणजी-म्हापशाच्या स्टुडिओंमध्ये आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनच मुख्यतः चालते, आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल तर इतिहासजमा झाला आहे. त्यामुळे फिल्म ऑनलाइन मागवावी लागते, आणि तिथे नामांकित रोलच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळणाऱ्या परदेशी बनावटीच्या रोलांचा मोह होतोच. अशाच एका आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० फिल्मबद्दल हे लिहीत आहे. तिचे नाव देत नाही, कारण दोष एखाद्या बॅचपुरता असू शकतो. शिवाय पुढचे बरेचसे कोणत्याही स्वस्त १२० रोलला लागू पडते.

आधी जमेची बाजू. निरभ्र उन्हात या फिल्मचे करडे टोन सुरेख उतरतात आणि सहा बाय सहा सेंटीमीटरच्या निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढला तरी कण डोळ्यांत भरत नाहीत. मात्र सावलीतला तपशील ती पटकन गिळते, म्हणून मी तिला आयएसओ ८० धरून, म्हणजे थोडा जास्त प्रकाश देऊन वापरतो.

आता डागांकडे वळू. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर टिपलेली निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवून भिंगातून पाहिली, तेव्हा स्तंभ स्वच्छ होता, पण आकाशात एक फिकट आकडा आणि त्याच्या शेजारी ठिपक्यांची रांग दिसत होती. कौलांवर किंवा झाडीवर हाच ठसा असता तर तो कुणाच्या लक्षातही आला नसता. सपाट आकाश मात्र काहीच लपवत नाही. असे काही दिसले की बहुतेक जण कॅमेऱ्याच्या मागच्या, कागदावरचा फ्रेम क्रमांक पाहण्याच्या लाल खिडकीवर संशय घेतात. तो अगदीच निराधार नाही, कारण आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशालाही संवेदनशील असते आणि खिडकी उघडी राहिली तर फ्रेमच्या मध्यावर गोल धुके येते. पण खिडकीतून शिरलेला प्रकाश सुवाच्य आकडा छापत नाही. आकडा येतो तो फिल्मबरोबर गुंडाळलेल्या कागदावरून. स्पूलवर (गुंडाळण्याच्या रिळावर) फिल्मची इमल्शनची, म्हणजे प्रकाशसंवेदी लेपाची बाजू आतल्या वेढ्याच्या कागदाच्या छापील बाजूला चिकटून बसते, आणि उष्णता, दमटपणा व काळ यांची साथ मिळाली की शाईचा परिणाम इमल्शनवर उतरतो. कागदाने ओल धरली असेल, तर आकड्यांऐवजी सगळ्या आकाशभर बारीक चट्टे उठतात. हा दोष स्वस्त फिल्मपुरताच आहे असेही नाही. २०१० च्या दशकात कोडॅकच्या काही १२० रोलांवरही तो दिसला होता.

दोष फिल्मचा, कॅमेऱ्याचा की धुलाईचा, हे ठरवण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे निगेटिव्हची कोरी कड. डाग फ्रेमच्या चौकटीत थांबत असेल, तर लेन्स, शटर किंवा कॅमेऱ्याच्या आतली धूळ तपासावी. तो चौकट ओलांडून कडेपर्यंत जात असेल, तर कॅमेऱ्याच्या लेन्स-शटरला दोष देण्यात अर्थ नाही. दोन्ही कडांना काळसर धूर दिसला, तर रोल सैल गुंडाळला गेला असावा. स्वस्त स्पूलच्या चकत्या कागदावर नीट घट्ट बसत नाहीत, म्हणून रोल भरताना आणि काढताना सावली शोधावीच. आणि कडेवर कारखान्यात छापलेली अक्षरे ठळक असून चित्र मात्र विरळ असेल, तर प्रकाश कमी पडला आहे. अक्षरेही फिकट असतील, तर डेव्हलपिंग अपुरे झाले आहे. काही स्वस्त रोलांवर ही अक्षरेच नसतात, ही माझी या वर्गाबद्दलची मोठी तक्रार आहे. दोन-चार अक्षरे छापण्यात वाचवलेला पैसा ग्राहकाला फार महाग पडतो.

बारीक पारदर्शक ठिपक्यांचे निदान थोडे अवघड असते, कारण निगेटिव्हवर पारदर्शक असलेले सगळेच प्रिंटवर काळे येते. भिंगाखाली वेडावाकडा किंवा तंतूसारखा आकार दिसला तर ती कॅमेऱ्यातली धूळ. मऊ कडांचे, पूर्ण पारदर्शक नसलेले वर्तुळ दिसले तर तो धुलाईच्या टँकमध्ये चिकटून राहिलेला हवेचा बुडबुडा. टाचणीने टोचल्यासारखे रेखीव छिद्र असेल तर इमल्शनच्या लेपातच उणीव आहे, किंवा कार्बोनेटयुक्त डेव्हलपरनंतर (चित्र उमटवणाऱ्या द्रावणानंतर) तीव्र अ‍ॅसिडचा स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे द्रावण) वापरल्याने वायू सुटून ते पडले आहे. मऊ इमल्शनच्या फिल्मसाठी मी स्टॉप बाथऐवजी साधे पाणीच वापरतो.

पाणी हा गोव्यातला वेगळाच विषय आहे. चैत्र-वैशाखात गच्चीवरच्या टाकीतले पाणी तीस अंशांच्या पुढे जाते. डेव्हलपर बर्फाने वीस अंशांवर आणायचा आणि नंतर फिल्म सरळ नळाखाली धरायची, असे केले तर इमल्शनला सुरकुत्या पडू शकतात आणि बोटाच्या साध्या स्पर्शानेही ते खरवडले जाते. त्यापेक्षा सर्व द्रावणे आणि धुण्याचे पाणी चोवीस अंशांवर ठेवावे आणि वीस अंशांसाठी दिलेला वेळ साधारण ३० टक्क्यांनी कमी करावा. तो पाच मिनिटांच्या खाली जात असेल, तर डेव्हलपर अधिक पातळ करावा, नाहीतर आकाशात पट्टे दिसतात.

आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते, तेव्हा ही फिल्म मी वापरतच नाही. उरलेले रोल फॉइल न फोडता फ्रिजमध्ये राहतात. बाहेर काढल्यावर फॉइल काही तास तसेच ठेवतो, नाहीतर थंड कागदावर दव धरते आणि चट्ट्यांना आमंत्रण मिळते. फोटो काढून झालेला रोल घट्ट गुंडाळून सिलिका जेलच्या डब्यात ठेवावा आणि लगेच धुवावा.

पावसाळ्यात काम थांबवता येत नसेल, तर थोडे जास्त पैसे मोजून केंटमिअर घ्यावी. हार्मनची ही फिल्म १२० मध्ये २०२२ पासून मिळते आणि त्याच कंपनीच्या इल्फर्ड फिल्मपेक्षा स्वस्त पडते. कार्तिक ते फाल्गुन या कोरड्या महिन्यांत सरावासाठी, नवा कॅमेरा तपासण्यासाठी आणि झाडी-भिंती असलेल्या विषयांसाठी मात्र ही स्वस्त फिल्म जरूर घ्यावी. लग्नाचे किंवा पुन्हा न घडणारे काहीही तिच्यावर टिपू नये. घेताना एकाच बॅचचे रोल मागावेत, एक रोल आधी धुऊन पाहावा आणि फॉइल फेकू नये: त्यावरचा बॅच क्रमांक आणि निगेटिव्हच्या कडेसकट काढलेला फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने मला रोल बदलून दिला, त्याआधीच्या नुसत्या वर्णनाला त्याने दाद दिली नव्हती.