गळणारे वॉशिंग मशीन आणि वर्तकनगरचा दुरुस्तीवाला

आमचे साडेसहा किलोचे, समोरून दार असलेले वॉशिंग मशीन ९ वर्षांचे आहे. जूनमध्ये त्याच्याखाली पाणी साचू लागले आणि ड्राय बाल्कनीतील ओल खालच्या शेजाऱ्यांच्या छतापर्यंत पोहोचण्याआधी निर्णय घेणे भाग पडले. कंपनीच्या अधिकृत केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने मशीन चालू करूनही न पाहता संपूर्ण टब, म्हणजे ड्रमभोवतीची पाणी धरणारी टाकी, बदलावा लागेल असे सांगितले, ११,५०० रुपयांचा अंदाज दिला आणि त्यापेक्षा नवीनच घ्या, असा सल्ला देऊन भेटीचे शुल्क घेतले. मशीन जुने असल्यामुळे तो सल्ला मला जवळजवळ पटला होता.

त्यानंतर ठाण्याच्या वर्तकनगरमधील एका लहान दुरुस्ती दुकानातील कारागिराला बोलावले. त्यांनी गुरुवारी येण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात ते शनिवारी दुपारी उगवले. मात्र आल्यावर त्यांनी किमतीचा विषय काढला नाही. मशीनखाली वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरले, रिकामे मशीन छोट्या धुलाईवर लावले आणि कोणता कागद कधी भिजतो हे पाहत ते तिथेच बसून राहिले. पाणी भरतानाच ठिबकले, तर आत येणारा पाइप किंवा पावडरचा खण तपासायचा. पाणी उपसताना ठिबकले, तर पंप आणि बाहेर जाणारा पाइप. मागच्या बाजूने, टबाच्या मध्यातून ओघळले, तर ऑइल सील, म्हणजे पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ न देणारी रबरी कडी, गेले असे समजायचे आणि त्यामागोमाग ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंगही जाणार. आमच्याकडे ड्रम फिरू लागताच पुढचा कागद भिजला. दाराच्या रबरी गास्केटच्या खालच्या घडीत बोटभर चीर होती आणि तिच्याजवळच साडीची एक सेफ्टी पिन अडकलेली होती. पिन अर्थातच माझी.

एवढ्यावर काम संपवता आले असते, परंतु त्यांनी मागचे झाकणही उघडले. टबाच्या मागे गंजाचा किंवा ग्रीसचा तपकिरी ओघळ नव्हता, म्हणजे सील शाबूत होते. प्लग काढून ड्रम हाताने फिरवल्यावर मात्र बारीक घरघर ऐकू आली. “ताई, आत्ता फक्त रबर बदला. पुढे बेअरिंग मोठ्याने वाजायला लागले तर त्यावर पैसे घालू नका, तेव्हा नवीन घ्या,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कारण असे की, आमच्या मॉडेलमध्ये टबाचे दोन भाग कारखान्यातच कायमचे जोडलेले आहेत, त्यामुळे बेअरिंग सुटे बदलता येत नाही आणि शेवटी अख्खा टबच घ्यावा लागतो. अधिकृत तंत्रज्ञाचा अंदाज त्या कामासाठी कदाचित योग्यही असेल. आमच्या गळतीशी त्याचा संबंध नव्हता.

गास्केटचे २,४०० आणि मजुरीचे ६०० मिळून ३,००० रुपये झाले. दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर नवीन घ्यावे, असा हिशेब अनेकजण सांगतात. पण गळती नेमकी कुठून होते हे कळेपर्यंत त्या हिशेबात कोणता आकडा घालायचा, हेच ठरत नाही.

सेवेतील उणिवाही नोंदवायला हव्यात. पक्के बिल मिळाले नाही. व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे रक्कम लिहून दिली. तीन महिन्यांची हमी केवळ तोंडी होती. बसवलेल्या रबरावर कंपनीचा शिक्का नव्हता आणि पहिला आठवडाभर कपड्यांना त्याचा मंद वास येत होता. शिक्क्याचे रबर हवे असल्यास ते आधीच सांगावे. मी विचारले नाही, ही माझी चूक. काम संपल्यावर फरशी आम्हीच पुसली.

पाच महिन्यांत मशीनखाली एक थेंबही आलेला नाही आणि घरघरही वाढलेली नाही. घोडबंदर पट्ट्यातील आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरवेलच्या जड पाण्याचे टँकर येतात, त्यामुळे क्षार साचू नयेत म्हणून आता महिन्यातून एकदा डिस्केलिंग पावडर टाकून रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवते, आणि धुलाईनंतर गास्केटची घडी पुसून दार उघडे ठेवते. पुढच्या खरेदीची चौकशी म्हणून गोखले रोडवरील तीन दुकानांत, टब उघडून बेअरिंग बदलता येते का, असे विचारून पाहिले. दोघांना प्रश्नच समजला नाही. तिसऱ्याने कंपनीला फोन लावून दोन मॉडेलांची नावे कागदावर लिहून दिली. तो कागद मी मशीनच्या वॉरंटी कार्डासोबत ठेवला आहे.