पावसाळ्यापूर्वी आगराची छाटणी करून देणारे पथक : एक परीक्षण

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. दिवेआगर-श्रीवर्धनपासून खाली केळशी-आंजर्ल्यापर्यंतच्या आगरांत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांत, पोफळी (सुपारीची झाडे) कमरेत मोडल्या, नारळ मुळांसकट आडवे झाले आणि पडता पडता गडगेही (दगडी कुंपणेही) घेऊन गेले. आमचे आगर याच पट्ट्यात आहे. त्यानंतर दर मे महिन्यात घरच्या माणसांनी जमेल तेवढी साफसफाई आम्ही करत आलो. यंदा प्रथमच हे काम झाडामागे दर घेणाऱ्या एका छाटणी पथकाकडे सोपवले. कामाला आठ महिने झाले असल्याने आता त्याविषयी लिहिण्यास हरकत नाही.

पथकाचे सर्वांत मोलाचे काम कोयती चालवण्यापूर्वीच झाले. मुकादमाने सुमारे दोन तास नुसते आगर फिरून पाहिले आणि वारा कोणत्या बाजूने आत शिरतो, पाणी कोठे साचते व कोणते झाड पडले तर कशावर पडेल, हे तिन्ही प्रश्न आम्हालाच विचारले. पोफळ स्वतःच्या वजनाने क्वचितच पडते; तिच्यावर शेजारचा नारळ किंवा गडग्यालगतचे रानटी झाड कोसळते आणि एका फटक्यात आठ-दहा पोफळी जातात. शिवाय एकदा मध्ये खिंडार पडले की आजवर दाटीत वाढलेल्या आतल्या पोफळी वाऱ्याला उघड्या पडतात, त्यांच्या खोडांना दुपारच्या उन्हाचे चट्टे पडतात आणि सावलीतले जायफळही मलूल होते. म्हणूनच वादळाचे नुकसान त्या एका दिवसात मोजून संपत नाही. नव्याने लावलेली पोफळ फळ धरायला सहा-सात वर्षे घेते, हे शहरातल्या नातेवाइकांना समजावताना दरवेळी पुरेवाट होते.

प्रत्यक्ष कामात 38 नारळांवरच्या वाळलेल्या झावळ्या, पोय (फुलोऱ्याची सुकी आवरणे) आणि तयार नारळ उतरवण्यात आले, नऊ हापूस कलमांवरची बांडगुळे व सुकी लाकडे काढून कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावण्यात आली आणि उताराच्या बाजूचा बुजलेला चर पुन्हा खोदण्यात आला. चराचे महत्त्व आम्हाला पूर्वी इतके वाटत नसे. जमीन पाण्याने पूर्ण भिजून सैल झाली की मुळांची पकड सुटते, आणि मग तुलनेने साध्या वाऱ्यानेही उभे झाड कलते. निचरा झाला तर तेच झाड तग धरते. एकूण बिल 14,200 रुपये झाले. पाडेली (झाडावर चढून नारळ उतरवणारे) मिळण्याची आजची मारामार पाहता ही रक्कम आम्हाला जास्त वाटली नाही.

मात्र तक्रारीही आहेत. ठरलेल्या तारखेपेक्षा पथक 17 दिवस उशिरा, म्हणजे 29 मे रोजी आले. वळवाचा पाऊस तोवर सुरू झाला होता आणि ओल्या खोडावर माणूस चढवणे हा शुद्ध अविचार होता. दुसरे असे की, वाऱ्याचा भार कमी करण्याच्या नावाखाली पहिल्या पाच नारळांच्या हिरव्या झावळ्याही उतरवल्या गेल्या. हिरवी झावळी हे झाडाचे अन्न असल्याने आम्ही काम थांबवले. त्या पाच नारळांचे उत्पन्न या वर्षी डोळ्यांत भरण्याइतके कमी आहे. कापलेल्या फांद्यांचा ढीग मात्र उघड्यावरच सोडण्यात आला, आणि वादळात हेच ओंडके पाण्यासोबत वाहून गडग्यावर येतात, एवढे भान छाटणी करणाऱ्यांना असायला हवे होते.

पश्चिमेच्या बाजूला भिंत उंच करण्याचा त्यांचा सल्लाही आम्हाला पटला नाही. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करत उतरतो. त्यापेक्षा वारा थोडा गाळून सोडणारी सुरू, उंडी किंवा बांबूची दाट रांग अधिक उपयोगाची ठरते. ती आम्ही स्वतंत्रपणे लावली आहे.

एका गोष्टीसाठी मात्र पथकाला मनापासून श्रेय द्यावे लागेल. त्यांनी प्रत्येक झाडाला क्रमांक घालून जातवार यादी आणि छायाचित्रे दिली. निसर्गनंतर फळबागांसाठी हेक्टरी 50,000 रुपये मदत जाहीर झाली, तेव्हा दहा गुंठ्यांच्या आगराला हिशेबाने 5,000 रुपये येत होते, मग त्यात शंभर झाडे पडलेली असोत वा तीनशे. पुढे ओरड झाल्यावर नारळाला झाडामागे 250 आणि सुपारीला 50 रुपये असा निकष आला. रक्कम तुटपुंजीच, पण झाडे मोजली जाणार असतील तर पडण्यापूर्वीची मोजणी हाताशी असणे गरजेचे ठरते, कारण पंचनामा होईपर्यंत निम्मी खोडे रस्ता मोकळा करण्यासाठी कापून बाजूला झालेली असतात.

या कामाची खरी परीक्षा चक्रीवादळातच होईल आणि तशी वेळ अद्याप आलेली नाही. जुलैतल्या जोरदार वाऱ्यात तीन पोफळी गेल्या, नारळ एकही पडला नाही, एवढेच आज सांगता येते. पुढील वर्षासाठी आम्ही याच पथकाला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याची तारीख दिली आहे. हिरव्या झावळीला हात लावायचा नाही आणि फांद्या त्याच दिवशी उचलायच्या, या दोन अटी या वेळी कागदावर घेतल्या आहेत.