घरी नमुना घेऊन लैंगिक संसर्गाची तपासणी: संच उत्तम, माहितीपत्रक अर्धवट

घरच्या घरी नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवायचा, असा लैंगिक संसर्गाच्या तपासणीचा एक संच मी नुकताच वापरून पाहिला. क्लॅमिडिया, परमा, सिफिलिस आणि एचआयव्ही या चारांची तपासणी त्यात होते. खोक्यावर आतल्या वस्तूचा उल्लेख नाही आणि अहवालही नावाने न येता सांकेतिक क्रमांकाने येतो. लाजेपोटी तपासणी टाळणाऱ्यांसाठी एवढी सोयही मोलाची आहे.

लघवीच्या नमुन्याच्या सूचना विशेष नेटक्या आहेत. इतर तपासण्यांच्या सवयीने आपण सुरुवातीची धार सोडून मधली घेतो, इथे नेमके उलटे करायचे असते: निदान तासभर लघवीला न जाता पहिलीच धार घ्यायची आणि नळीवरच्या दोन रेषांच्या मध्ये थांबायचे, कारण मूत्रमार्गातले जंतू तिच्याबरोबरच बाहेर येतात. स्त्रियांसाठी योनिमार्गाचा स्वॅब वेगळा दिला आहे, आणि तो लघवीपेक्षा अधिक भरवशाचा असल्याने हे योग्यच झाले. रक्ताच्या नमुन्याने मात्र वैताग आणला. थेंब नळीत पडायचे सोडून बोटावरच पसरतो, आणि हात आधी कोमट पाण्यात धरावा ही कामाची सूचना पत्रकाच्या मागे बारीक अक्षरांत दडलेली आहे.

याच पत्रकात ‘समज आणि तथ्ये’ असा मोठा भाग आहे. डास चावल्याने एचआयव्ही होत नाही, गर्भनिरोधक गोळ्या संसर्गापासून वाचवत नाहीत, एकावर एक दोन कंडोम चढवल्याने संरक्षण वाढत नाही. सगळे बरोबर आहे, पण माणसे खरोखर गोत्यात येतात ती दुसऱ्याच समजांमुळे. ‘त्रास नाही, म्हणजे आजार नाही’ या समजाला पत्रकाने जेमतेम एक ओळ दिली आहे. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही आणि उपचार न झाल्यास तो गर्भनलिकांपर्यंत पोहोचून वंध्यत्वाला कारण होऊ शकतो. सिफिलिसची पहिली जखम सहसा दुखत नाही, 3 ते 6 आठवड्यांत आपोआप भरते, आणि तेवढ्यात लावलेल्या कुठल्याशा मलमाला फुकटचे श्रेय मिळते. जंतू मात्र शरीरात तसेच राहतात.

‘अहवाल निगेटिव्ह, म्हणजे सगळे ठीक’ या समजाविषयी तर पत्रक गप्पच आहे, कदाचित विक्रीला ते गैरसोयीचे असावे. संसर्गानंतर लगेच केलेली तपासणी तो पकडू शकत नाही. एचआयव्हीच्या काही तपासण्यांना त्यासाठी 3 महिन्यांपर्यंतचा काळ लागू शकतो, आणि या संचातली तपासणी कोणत्या प्रकारची आहे हे कुठेच लिहिलेले नाही. शिवाय लघवीचा नमुना घशातल्या किंवा गुदमार्गातल्या संसर्गाबद्दल काहीच सांगत नाही. हर्पीस आणि एचपीव्ही हे लैंगिक संबंधांतून होणारे विषाणूंचे संसर्ग त्वचेच्या स्पर्शाने पसरत असल्याने कंडोम त्यांचा धोका कमी करतो, पूर्ण टाळत नाही. या दोन्हींची तपासणी संचात नसताना खोक्यावर ‘संपूर्ण तपासणी’ असे छापणे मला पटलेले नाही. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्यावर लस आहे, एवढे तरी सांगायला हवे होते.

फोनवरच्या समुपदेशकाने मात्र ही कसर बरीच भरून काढली. पूर्वी सिफिलिस होऊन बरा झालेल्या माणसाच्या रक्तातली काही प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीज) आयुष्यभर राहू शकतात, त्यामुळे अहवाल पॉझिटिव्ह आला तरी दुसरी रक्ततपासणी केल्याशिवाय नवा संसर्ग ठरवता येत नाही, हे त्याने न विचारता समजावले. क्लॅमिडिया एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही का, असे विचारल्यावर तो पुन्हा होऊ शकतो असे त्याने ठामपणे सांगितले, जोडीदाराचेही उपचार व्हायला हवेत असे बजावले आणि सुमारे 3 महिन्यांनी फेरतपासणी सुचवली.

लक्षणे नसलेल्या आणि नियमित तपासणी करू पाहणाऱ्यांनी हा संच जरूर घ्यावा. जखम, स्राव किंवा ओटीपोटात दुखणे असेल, तर तो न मागवता थेट डॉक्टरांकडे जावे. एचआयव्हीच्या संपर्काची शंका अगदी ताजी असेल, तर संचाची वाट पाहण्यात वेळ घालवू नये, कारण संसर्ग रोखणारी औषधे शक्य तितक्या लवकर आणि 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात.