मैलागाळ वाळवायचा, जाळायचा की त्याचं खत करायचं?

सांडपाणी प्रकल्पात यंत्राने पिळून काढलेला गाळ हाताला घट्ट लागतो, तरी त्यात ७५ ते ८० टक्के पाणीच असतं. किनाऱ्यावरच्या शहराला निर्णय घ्यायचा असेल तर हिशेब या पाण्यापासून सुरू करावा.

उघड्या वाफ्यांवर वाळवणं सगळ्यांत स्वस्त. पण कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या वाफ्यांची डबकी होतात आणि गाळ शेवटी डंपिंग ग्राउंडवर जातो. शिवाय गाळ वाळला म्हणून जंतांची अंडी मेलीच असं नाही.

गाळ सिमेंटच्या भट्टीत जाळला तर जंतूंची काळजी उरत नाही. मात्र गाळ आधी वाळवावा लागतोच, आणि मातीला हवा असलेला नत्र व कर्ब जळून जातो. मला हे फार खुपतं.

म्हणून माझा कौल कंपोस्टला. गाळात नत्र भरपूर आणि कर्ब कमी, त्यामुळे भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा छाटलेल्या फांद्यांचा चुरा मिसळून कर्ब-नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एकपर्यंत आणायचं. मिश्रण मुठीत दाबावं: गोळा झाला आणि बोटांतून दोन-चारच थेंब आले तर जमलं; पाणी गळायला लागलं तर भुसा वाढवायचा. अमेरिकेच्या १९९३च्या नियमांनुसार उघडी रास ५५ अंशांवर १५ दिवस ठेवून पाच वेळा पलटावी लागते. खालच्या पाइपांतून हवा दिलेल्या ढिगाला तेवढ्याच तापमानात तीन दिवस पुरतात. आपल्याकडे ही हवा देण्याचीच पद्धत घ्यावी, तीही पक्क्या छपराखाली. भिजलेल्या राशीत हवा खेळत नाही, दुर्गंधी सुटते आणि शेजारची वस्ती काम बंद पाडते. त्यांचं चुकत नाही.

शेड बांधण्याआधी गाळ तपासून घ्या. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० आहे. गटारात कारखान्याचं पाणी येत असेल तर कुजवून धातू जात नाहीत. ढिगाचं वजन घटतं तसं त्यांचं प्रमाण उलट वाढतं. न कुजणाऱ्या पीएफएएस रसायनांमुळे अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२मध्ये गाळ आणि त्याचं खत शेतात टाकण्यावर बंदीच घातली. क्षारताही मोजा, कारण फुटक्या वाहिन्यांतून भरतीचं पाणी आत शिरतं. धातू मर्यादेबाहेर निघाले तर खताचा हट्ट सोडून भट्टीच निवडावी. नुसता खारटपणा असेल तर आधी वाहिन्या दुरुस्त कराव्यात.