तीन रात्रींचा आर्ट पेपर: व्हिलेज व्हॅनगार्डच्या संपूर्ण ध्वनिमुद्रणांचा संच

आल्टो सॅक्सोफोनवादक आर्ट पेपर याने 28 ते 30 जुलै 1977 या तीन रात्री न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या क्लबमध्ये जे वाजवले, ते 1995 मध्ये ‘कॉन्टेम्पररी’ या ध्वनिमुद्रण कंपनीच्या नावाने नऊ सीडींच्या एका संचात प्रसिद्ध झाले. त्याआधी या मैफलींतला निवडक भाग गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अशा रात्रींच्या नावाने निघालेल्या तीन तबकड्यांतून आणि पुढे आलेल्या आणखी एका पुरवणी तबकडीतून ऐकायला मिळत होता. ती निवड उत्तमच होती. परंतु निवड म्हटली की जे पूर्ण जमले तेवढेच पुढे येते आणि जे जमता जमता वेगळ्याच वाटेला लागले ते मागे राहते. पेपरच्या वादनात हे वाटेला लागणे फार मोलाचे आहे, आणि त्यामुळेच जॅझच्या थेट मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत या संचाचे स्थान मी फार वरचे मानतो.

पेपरच्या चाहत्यांमध्ये बहुधा दोन तट आढळतात. काहींना 1950 च्या दशकातला पेपर प्रिय असतो, ज्याचा आवाज हलका, स्वच्छ आणि प्रत्येक वळणावर डौलदार आहे; काहींना 1975 नंतरचा, ज्याच्या सुरात खरखर आहे, मधूनच फाटणारी किंकाळी आहे आणि ज्याची वाक्ये अर्ध्यावर तुटून पुन्हा सुरू होतात. तुरुंगवास आणि व्यसन यांनी भरलेली मधली वर्षे या दोहोंमध्ये भिंतीसारखी उभी असल्यामुळे ही दोन वेगळी माणसे आहेत असे मानण्याकडे कल होतो. हा संच लक्षपूर्वक ऐकल्यावर मला तसे मानता येत नाही. पेपरचा आवाज बदलला, त्याची स्वरांची भाषा बदलली. परंतु त्याची भावना जिथून उमटते ती जागा पहिल्यापासून एकच आहे, आणि ती म्हणजे लयीशी असलेले त्याचे नाते. स्वर कधी लावायचा, किती थांबायचे, ठोक्याच्या किती मागे रेंगाळायचे आणि कुठे एकदम पुढे झेपावायचे, यातच त्याचे सगळे सांगणे असते.

हे पडताळून पाहायचे असेल तर आधी 1957 कडे जावे लागेल. त्या वर्षी 19 जानेवारीला लॉस एंजेलिसमध्ये त्याने रेड गार्लंड (पियानो), पॉल चेंबर्स (बास) आणि फिली जो जोन्स (ड्रम्स) या तिघांबरोबर, म्हणजे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या तेव्हाच्या साथीदारांबरोबर, एका दिवसात ‘आर्ट पेपर मीट्स द रिदम सेक्शन’ हा आल्बम ध्वनिमुद्रित केला. आपण कित्येक महिने वाद्याला हात लावला नव्हता आणि मुद्रण आहे हे त्याच सकाळी कळले, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. त्या सुमाराची त्याची दुसरी ध्वनिमुद्रणे उपलब्ध असल्यामुळे ही हकीकत शब्दशः घेण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की एकतीस वर्षांचा हा वादक त्या काळच्या सर्वांत भक्कम लयवृंदापुढे जराही दबत नाही. चार्ली पार्करची छाया बहुतेक आल्टोवादकांवर पडलेली असताना पेपरने लेस्टर यंग आणि झूट सिम्स या टेनरवादकांकडून (टेनर म्हणजे आल्टोहून खालच्या सुराचा सॅक्सोफोन) हलके चालणे घेतले होते, आणि त्या चालण्यात मधल्या रिकाम्या जागांना स्वरांइतकाच मान होता. त्या आल्बममधल्या संथ रचनांत तो एखाद्या स्वरापाशी येऊन क्षणभर थबकतो, तेव्हा ऐकणाऱ्याचाही श्वास अडतो. फरक एवढाच की तिथे हे थबकणे मोजके आणि देखणे आहे.

पुढची पंधरा-सोळा वर्षे मोठ्या पडझडीची होती. हेरॉईनच्या व्यसनापायी तो वारंवार तुरुंगात गेला, 1960 च्या दशकातला बराच काळ सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात होता, आणि दशकाच्या अखेरीस सिनॅनॉन या व्यसनमुक्ती संस्थेत दाखल झाला. तिथेच त्याला लॉरी भेटली, जिने पुढे पत्नी म्हणून त्याला सांभाळले आणि त्याचे आत्मचरित्र शब्दांकित केले. त्याच्या वादनाविषयी लिहिताना अनेक जण या हकीकतींवरच थांबतात. मला ते अन्यायाचे वाटते. दुःख भोगलेली माणसे पुष्कळ असतात, पण ते सॅक्सोफोनमधून सांगता येण्यासाठी जो रियाझ, जो कान आणि जे धाडस लागते त्याचे श्रेय तुरुंगाला देता येत नाही.

संगीताच्या दृष्टीने त्या वर्षांतली खरी घटना म्हणजे टेनर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन. कोल्ट्रेनच्या वादनाने पेपर इतका भारावला की त्याने टेनर सॅक्सोफोन धरला आणि त्याच धाटणीने तो वाजवू लागला. पुढे 1968 मध्ये ड्रमवादक बडी रिचच्या वाद्यवृंदात त्याला पुन्हा आल्टो हाती घ्यावा लागला, तेव्हा आपण कोल्ट्रेनच्या मागे जाता जाता स्वतःलाच जवळजवळ गमावून बसलो होतो हे ध्यानात आले, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही जाणीव त्याच्या पुढच्या सगळ्या वादनाची किल्ली आहे असे मी मानतो. त्याने कोल्ट्रेन टाकून दिला नाही. घोगरे स्वर, एकाच तुकड्यावर केलेले आघात, वाद्याच्या वरच्या टोकाला नेलेला आक्रोश हे सगळे त्याने जवळ ठेवले, आणि ते स्वतःच्या जुन्या लयीच्या स्वाधीन केले. 1975 मध्ये ‘कॉन्टेम्पररी’चा निर्माता लेस्टर कोनिग याने त्याला पुन्हा मुद्रणकक्षात आणले, तेव्हाच्या पुनरागमनाच्या आल्बममध्ये हा मेळ बसू लागलेला दिसतो. व्हॅनगार्डमध्ये हा मेळ पूर्ण बसलेला आहे.

व्हॅनगार्ड हे ठिकाणही समजून घ्यायला हवे. मॅक्स गॉर्डन यांनी 1935 मध्ये सुरू केलेला हा क्लब तळघरात आहे, त्याची खोली पाचरीसारखी निमुळती होत जाते, आणि सॉनी रॉलिन्स, बिल इव्हान्स, कोल्ट्रेन यांची गाजलेली थेट ध्वनिमुद्रणे तिथलीच आहेत. पश्चिम किनाऱ्यावर कारकीर्द गेलेल्या, एक्कावन्न वर्षांच्या आणि प्रकृतीने खचलेल्या वादकासाठी ही परीक्षाच होती. त्यात ड्रम्सवर एल्विन जोन्स होता, ज्याने कोल्ट्रेनच्या चौकडीत सहा वर्षे वादळ उभे केले होते. पियानोवर जॉर्ज केबल्स आणि बासवर मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा जॉर्ज म्राझ.

एल्विन जोन्सची निवड मला या संचातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते. तो ठेका नुसता धरत नाही. तो एकाच वेळी तीन-चार लयी फिरवत ठेवतो आणि त्यामुळे सम नेमकी कुठे आहे याची जाणीव ऐकणाऱ्याला अंगभर होते, पण ती बोट ठेवून दाखवता येत नाही. पेपरसारख्या, ठोक्याच्या मागेपुढे खेळणाऱ्या वादकाला अशी साथ मिळाली की त्याचे थांबणे लांबते. 1957 मध्ये जिथे तो एका मात्रेपुरता थबकला असता, तिथे 1977 मध्ये तो अख्खे आवर्तन सोडून देतो, मध्येच दोन स्वर फेकतो, पुन्हा गप्प होतो, आणि मग कोंडलेले सगळे एका दमात बाहेर काढतो. विलंबित ख्यालात गायक समेच्या तोंडाशी येऊन मुद्दाम हुलकावणी देतो तेव्हा जाणकारांत जी चुळबुळ होते, ती इथेही होते.

तुलनेसाठी ‘लास क्वेवास दे मारियो’ ही पाच मात्रांतली त्याची स्वतःची रचना अगदी सोयीची आहे, कारण 1960 मध्येही त्याने ती वाजवली होती. त्या वेळी पाच मात्रांचे कोडे सहज सुटल्याचा आनंद वादनभर जाणवतो. वाक्ये मात्रांच्या घरात नेमकी बसतात. सतरा वर्षांनंतर त्या घराच्या भिंतींना तो जुमानत नाही. तो एक छोटा तुकडा घेतो, तो उलटसुलट घासतो, त्याचा स्वर मुद्दाम चिरकू देतो, आणि म्राझचा बास खाली पाच मात्रा शांतपणे मोजत राहिल्यामुळे वरचा हा सगळा अस्वस्थपणा कुठेही विस्कळीत होत नाही. शैलीतल्या बदलाबद्दल कितीही लिहिले तरी या दोन ध्वनिमुद्रणांइतके स्पष्ट ते होणार नाही.

आणि मग ‘गुडबाय’. गॉर्डन जेन्किन्सची ही संथ रचना हा या तीन रात्रींचा कळस आहे. पेपरचा जुना सहकारी, पियानोवादक हॅम्प्टन हॉज, दोनच महिन्यांपूर्वी वारला होता. तोही व्यसन आणि तुरुंग या दोन्हींतून गेलेला. पेपर मूळ चाल जवळजवळ बोलल्यासारखी मांडतो, कुठलीही सजावट न करता. नंतर विस्तारात आवाज चढत जातो, स्वर फाटू लागतात, आणि एका टप्प्यावर वाद्यातून जे निघते त्याला स्वर म्हणावे की हुंदका, हे ठरवता येत नाही. असे क्षण जॅझमध्ये पुष्कळदा ओढूनताणून आणलेले असतात. ओरडणे ही तशी सोपी युक्ती आहे. पेपरचे तसे नाही, कारण प्रत्येक किंकाळीच्या आधी त्याने ती न देण्याचा प्रयत्न केलेला ऐकू येतो. केबल्सचा पियानो इथे फार समंजस आहे. तो कॉर्ड पसरून ठेवतो आणि पेपर तुटतो त्या जागी घाईने भर घालत नाही. पेपर त्याला ‘मिस्टर ब्यूटिफुल’ म्हणत असे, ते यथार्थ होते.

जलद रचनांविषयी मला थोडे कमी उत्साहाने लिहावे लागेल. ‘चेरोकी’ आणि ‘कॅरव्हान’ यांत जोश आहे, एल्विनचे वादन थक्क करते. परंतु काही ठिकाणी पेपर स्वतःच्या वेगापुढे हतबल होतो आणि आघाताची पुनरावृत्ती होते. क्लॅरिनेटवर आणि टेनरवर वाजवलेले भाग वेगळ्या चवीसाठी चांगले आहेत, विशेषतः क्लॅरिनेटवर त्याचा जुना हलकेपणा अचानक परत येतो, पण आल्टोवर तो जितका स्वतःचा असतो तितका अन्यत्र नसतो. काही रचना एकाहून अधिक वेळा येतात. सलग ऐकणाऱ्याला नऊ सीडी जड जातील यात शंका नाही, आणि पार्श्वसंगीत म्हणून तर हा संच अजिबात लावू नये.

ध्वनिमुद्रणाचा दर्जा समाधानकारक आहे. रीडवरचा, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी असलेल्या पातळ पट्टीवरचा, ओलसर खरखरीतपणा आणि वाक्य सुरू करण्याआधीचा श्वास स्पष्ट ऐकू येतो, आणि पेपरच्या बाबतीत हा तपशील आवश्यकच आहे. ड्रम्सचा विस्तार चांगला पकडला आहे. निर्माता कोनिग मैफलींच्याच वर्षी, 1977 च्या नोव्हेंबरमध्ये, वारला, आणि ‘ब्लूज फॉर लेस’ या रचनेला त्याचेच नाव आहे. 1957 चा आल्बमही त्याचा आणि हाही त्याचा, म्हणजे या वादकावर वीस वर्षे विश्वास ठेवणारा एक माणूस दोन्ही टोकांना उभा होता, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

ज्यांनी पेपर मुळीच ऐकलेला नाही त्यांनी आरंभ या संचाने करू नये. आधी 1957 चा आल्बम घ्यावा आणि त्यातल्या थांबण्याच्या जागा कानात पक्क्या होईपर्यंत तो ऐकावा. त्यानंतर नऊ सीडींचा खर्च एकदम करायचा नसेल तर गुरुवारच्या रात्रीची स्वतंत्र तबकडी घ्यावी, कारण ‘गुडबाय’ तिच्यात आहे. ती पटली तर पूर्ण संचाला पर्याय नाही. पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी दोन आल्बम सुचवतो: तंतुवाद्यांच्या साथीने 1980 मध्ये केलेला ‘विंटर मून’, ज्यात व्हॅनगार्डमधली आग आटोक्यात ठेवून तो जुन्या मृदू सुराकडे वळतो, आणि मे 1982 मध्ये एकट्या केबल्सबरोबर केलेला ‘गोइंग होम’. त्यानंतर सुमारे महिन्याने, 15 जून 1982 रोजी, पेपर वारला. ‘गोइंग होम’मध्ये ड्रम्स नाहीत आणि बासही नाही, त्यामुळे लय धरण्याचे सगळे काम पियानोकडे आणि त्याच्या स्वतःच्या श्वासाकडे येते, व्हॅनगार्डचे नऊ भाग ऐकून झाल्यावर ते ऐकले, तर तो किती कमी स्वरांत किती सांगू लागला होता हे नीट कळते.